क्लब सांभाळू की नेम सांभाळू?

चारभिंती
नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचते आहे, लिहायला आज बसले.

मी साताऱ्यात एम.एस्सी. करते. अकरावीपासून रिकर्व्ह मारते, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. जूनमध्ये आमच्या विद्यापीठाच्या धनुर्विद्या क्लबची कप्तान म्हणून सगळ्यांनी माझं नाव घेतलं आणि मीही हौसेनं हो म्हटलं. आमचा क्लब म्हणजे जिमखान्यामागचं मैदान, दोन बट्रेस (ज्यात बाण रुततात ते बोर्ड), तीन रिकर्व्ह धनुष्यं, दोन बांबूची आणि एक लोखंडी कपाट. त्याची किल्ली माझ्याकडे. क्रीडा संचालक सर मनानं चांगले आहेत, पण ते कबड्डीचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "यातलं तुला जास्त कळतं, तू बघ."

साताऱ्याला धनुष्याचं किती वेड आहे ते इथे सांगायला नको. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये आपली अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी, साताऱ्यात येऊन सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारून पुरुषांत पहिला आला. त्याच्या आदल्याच महिन्यात पार्थ साळुंखे आयर्लंडमधल्या लिमरिकला २१ वर्षांखालच्या रिकर्व्हमध्ये विश्वविजेता झाला होता. तेव्हापासून दर जुलैला आमच्याकडे नावनोंदणीला गर्दी असते. यंदा ३८ नावं आली. आता ऑगस्ट संपत आलाय आणि मैदानावर येतात ११.

आणि माझं स्वतःचं काय झालंय ते सांगते. रेषेवर उभी राहते, दोरी हनुवटीला टेकते, पण कान मागे असतात. कोणी बाण लावलेलं धनुष्य बोलता बोलता बाजूला तर वळवलं नाही ना? कोणी बाण आणायला मध्येच पळालं तर नाही? रिकर्व्हवाल्यांना कळेल, बाणाचं टोक मागे सरकून क्लिकरची पट्टी 'टक्' वाजली की विचार न करता दोरी सोडायची असते. माझी पट्टी वाजते आणि मी सोडतच नाही, कारण त्या क्षणी मी तिथे नसतेच. जूनमध्ये ७० मीटरवर ७२ बाणांत ६०४ होते. गेल्या रविवारी ५६८. डिसेंबरात विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी आहे.

ज्यांनी क्लब चालवलाय त्यांनी सांगा. स्वतःचा सराव कधी करायचात? आणि नव्या मुलांना टिकवायचं कसं?

कंदीपेढा
अभिनंदन ताई! कप्तानपदाचे पेढे राहिले बरं का.

रानवारा
मी स्पष्टच लिहितो, राग मानू नका. कप्तानपद सोडा. संघात घेताना तुम्ही किती जणांना शिकवलंत हे कोणी विचारत नाही, स्कोअरशीट बघतात. ६०४ वरून ५६८ म्हणजे ३६ गुण गेले, दर दोन बाणांमागे एक. अशी सवय एकदा हाताला लागली की काढायला सहा महिने लागतात. मी स्वतः तीन वर्षं विद्यापीठाकडून खेळलो, क्लबच्या कामात कधी पडलो नाही आणि त्याचा पश्चात्ताप नाही. शिकवायला पुढे आयुष्य पडलंय. खेळायला विद्यार्थीदशेची चार-पाच वर्षंच मिळतात.

कृष्णाकाठ
रानवारा, तुमचं अर्धं पटलं. अर्ध्याशी मी भांडणार.

मी सांगलीत इंजिनिअरिंगला होतो आणि दोन वर्षं आमच्या क्लबचा कप्तान. आमचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल, आणि बट्रेसच्या मागे बांध, बांधापलीकडे ऊस. बाण बोर्डाच्या वरून गेला की उसात. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत शिरलं की पात्यानं हात-तोंड कापून निघायचं. मालक भला माणूस, तोडणी झाली की निरोप धाडायचा, "या पोरांनो, तुमचं पीक काढून न्या." एका वर्षी १७ बाण सापडले.

मग २०१९ चा पूर आला. आमचं सामान तळमजल्याच्या खोलीत होतं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर बांबूच्या धनुष्यांना पीळ पडलेला, गवताचे बोर्ड कुजून आंबूस वास सुटलेला. फायबरचे लिंब, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या पात्या, तेवढे धुऊन पुसून वाचले. नवीन बट्रेसला पैसे नव्हते. तेव्हा आमच्यातल्या एकाचे वडील मार्केट यार्डात हमाल होते, त्यांनी हळदीची रिकामी पोती मिळवून दिली. त्यात गादीवाल्याकडची जुनी कापसाची वळकटी आणि चिंध्या कोंबून, दोरीनं आवळून आम्ही बोर्ड केला. दोन महिने प्रत्येक बाण बोर्डातून निघताना पिवळा होऊन यायचा. बोटं पिवळी, बोटांवरचा चामड्याचा टॅब पिवळा, हनुवटीवर दोरी टेकायची तिथं पिवळी रेघ. हळदी लागल्यागत दिसायचो सगळे. पण त्या दोन महिन्यांत एकानंही क्लब सोडला नाही. ज्याच्या हातानं बोर्ड शिवला तो सोडून जात नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता ताईंच्या प्रश्नाकडं येतो. माझाही स्कोअर पडला होता. चूक एकच होती, मी एकाच वेळी दोन्ही करत होतो. एक एंड, म्हणजे बाणांची एक फेरी, स्वतः मारायचा, मग मागे वळून कोणाचा कोपर वर कर, कोणाचा खांदा खाली दाब, परत रेषेवर. असं चालत नाही. शिकवायच्या दिवशी माझं धनुष्य मी पिशवीतून काढायचंच नाही असं ठरवलं, आणि मारायच्या वेळी मैदानावर माझ्याशिवाय फक्त एक जोडीदार. सहा आठवड्यांत स्कोअर जागेवर आला. तुम्हाला नेम सोडायची गरज नाही आणि क्लबही सोडायची नाही. दोघांना एका तासात कोंबू नका, एवढंच.

रानवारा
हळदीची पोती वाचून गप्प झालो. तरी म्हणेन, वेळ वेगळी करूनही डोकं वेगळं होतंच असं नाही. किल्लीची, बाणांची, अर्जांची काळजी घरापर्यंत येते.

गोडोलीची_आई
मी खेळाडू नाही, खेळाडूची आई आहे. मुलगा अकरावीत आहे, दोन वर्षं झाली त्याला धनुष्य हातात घेऊन.

चारभिंती, तुझ्या ३८ मधले २७ का गेले याचं एक कारण मी सांगते. घरचे. माझा मुलगा पहिल्या आठवड्यात घरी आला तेव्हा डाव्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला निळा-जांभळा डाग होता, तळहाताएवढा. मी घाबरले. कोणी मारलं का विचारलं. त्याला सांगताही येईना की दोरी लागली. त्याच्या बाबांनी फर्मान काढलं की उद्यापासून जायचं नाही. शेवटी त्यांच्या प्रशिक्षकांचा फोन आला, कोपर थोडा बाहेरच्या अंगाला फिरवायचा असतो, आर्मगार्ड नीट बांधायचं असतं, आठवड्यात थांबेल. तसंच झालं. तो एक फोन आला नसता तर आमच्याकडचं धनुष्य तिथेच संपलं होतं.

खर्चाचंही आधीच सांगत जा. आमच्या ओळखीत एकानं चांगल्या रिकर्व्ह संचाची चौकशी केली तर दीड-दोन लाखांच्या पुढचा आकडा ऐकून सगळं घर हादरलं. पहिल्या वर्षी क्लबच्या धनुष्यावर भागतं, स्वतःचं घ्यावं लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि मुली संध्याकाळी मैदानावर असतील तर किती वाजता सुटतात, सोबत कोण असतं, तेही घरी कळू दे. तू स्वतः मुलगी आहेस, तुला वेगळं सांगायला नको.

चारभिंती
काकू, खरंच हे डोक्यातच आलं नव्हतं. ११ पैकी मुली ३ आहेत. जुलैत १४ होत्या.

माणदेशी_गुरुजी
माण तालुक्यात शाळेवर खेळ शिकवतो, बावीस वर्षं झाली. धनुष्य आमच्याकडं उशिरा आलं, पण आलं.

आमच्या शेजारच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. आई-वडील मोलमजुरी करणारे. पोरगं आधी धावायचं, जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी त्याला खेळाकडं वळवलं, क्रीडा प्रबोधिनीत गेल्यावर धनुष्य हातात आलं. २०१९ ला जागतिक स्पर्धेत भारताच्या पुरुष रिकर्व्ह संघाला रौप्य मिळालं, त्या तिघांत तो होता. आमच्या पोरांना मी हे वर्षातून चारदा सांगतो. दरवेळी कोणीतरी विचारतंच, "सर, मग आमच्या हातात कधी?"

तर मुद्दा हाच. पोरीनं दिलेला आकडा बघा, ३८ मधले ११. मला शंका आहे की पहिला महिना धनुष्याऐवजी रबर ओढण्यात गेला असणार.

चारभिंती
गुरुजी, अगदी बरोबर. पहिले चार आठवडे रबर बँड आणि आरशासमोर उभं राहणं. मलाही तसंच शिकवलं होतं. शिवाय धनुष्यं पाचच, मग बाकीचे करणार काय?

माणदेशी_गुरुजी
रबर सोडू नका, पण पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातून तीन तरी बाण सुटू द्या. पाच पावलांवर बट्रेस ठेवायचा, त्यावर निशाणाचा कागद लावायचाच नाही. कागद लावला की पोरगं मधल्या पिवळ्याकडं बघतं, स्वतःच्या खांद्याकडं त्याचं लक्ष राहत नाही. कोऱ्या बोर्डात बाण 'थप्प' बसला तो आवाज घेऊन पोरगं घरी जातं. त्या आवाजावर ते महिनाभर रबर ओढतं, मी बघितलंय.

पाउंड, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, कमी ठेवा. १६-१८ पाउंडाचे लिंब. मोठ्या पोरांना लाज वाटते, त्यांना थेट ३० ओढून दाखवायचं असतं, आणि मग खांदा धरतो. कोणता डोळा मुख्य तेही पहिल्याच दिवशी बघा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची, त्यातून लांबची एखादी वस्तू बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं वस्तू फटीतच राहते तो मुख्य. उजव्या हाताच्या पोराचा डावा डोळा मुख्य निघाला आणि कोणाच्या ध्यानातच आलं नाही तर ते वर्षभर डावीकडं मारत राहतं आणि स्वतःला नालायक समजतं.

शिट्ट्यांची सवय मोडू देऊ नका. दोन वाजल्या की रेषेवर, एक वाजली की मारा, तीन वाजल्या की बाण आणायला. आणि सलग पाच किंवा जास्त वाजल्या की बाण लावलेला असला तरी उतरवायचा. ही पाच शिट्ट्यांची तालीम महिन्यातून एकदा अचानक घ्या. आमच्याकडं एकदा खरंच बट्रेसमागून शेळी आली होती, तिच्यामागं पोर. तालीम होती म्हणून निभावलं.

मेणवली_घाट
थोडं विषयांतर. एकलव्यानं अंगठा दिला असं आपण ऐकत आलो. पण आताचे खेळाडू तर तीन बोटांनी दोरी ओढतात, अंगठा नुसता आत मुडपलेला. मग अंगठा गेल्यानं काय बिघडलं असतं?

रानवारा
ओढायच्या पद्धती दोन. आपण खेळात वापरतो ती तीन बोटांची, तर्जनी बाणाच्या वर आणि दोन बोटं खाली, त्यावर चामड्याचा टॅब. दुसरी अंगठ्याची. मंगोल, तुर्क, कोरियन लोकांची जुनी पद्धत अंगठ्याचीच, आपल्याकडे मुघलही तशीच ओढायचे. अंगठ्यात घालायच्या मुघलांच्या जेडच्या अंगठ्या संग्रहालयांत आहेत. तसा ओढणाऱ्याचा अंगठा गेला तर सगळंच गेलं. तीन बोटांनी ओढायचं असेल तर ओढणाऱ्या हाताला अंगठा फारसा लागत नाही, तो लागतो धनुष्य धरणाऱ्या हाताला, कारण तो हात अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यावरच तोलतो.

मेणवली_घाट
धन्यवाद. शाळेपासूनचा प्रश्न सुटला.

पहिलाबाण
मी त्या २७ मधला आहे. तुमच्या क्लबमधला नव्हे, दुसऱ्या गावातल्या, काही वर्षांपूर्वीच्या. नाव लिहीत नाही.

सहा आठवडे गेलो. रोज साडेपाचला हजर. मोठी मुलं मारायची आणि आम्ही नवीन चौघं त्यांचे बाण आणायचो. बोर्डातून बाण काढायचा कसा तेही कोणी सांगितलं नव्हतं. एक हात बोर्डावर दाबून, दुसऱ्यानं बोर्डाजवळ धरून सरळ मागे ओढायचा असतो हे मला नंतर कळलं. मी वाकडा ओढला, कार्बनचा बाण तडकला. त्या वेळच्या कप्तानानं सगळ्यांसमोर विचारलं, याची किंमत माहीत आहे का? मला माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी गेलो नाही, आणि मी का आलो नाही हे विचारायला कोणी फोनही केला नाही.

मला दहा मारायचे नव्हते हो. मला एकदा दोरी ओढून बघायची होती.

कृष्णाकाठ
भाऊ, वाचून वाईट वाटलं. माझ्या कप्तानपदाच्या पहिल्या वर्षी मीही एकाला असाच बोललोय. बाण नसताना त्यानं दोरी पूर्ण ओढली आणि सोडली. बाण नसला की सगळा जोर धनुष्यातच फिरतो. वरच्या लिंबाला केसाएवढी चीर गेली, दुसऱ्या दिवशी ओढताना कटकन आवाज आला. मी त्याच्यावर ओरडलो. पण ते धनुष्य बाणाविना सोडायचं नसतं, हे त्याला मीच सांगितलं नव्हतं. तो परत आला नाही. आज तुमची पोस्ट वाचून त्याला फोन लावला. तो बेळगावला असतो. बोललो.

रानवारा
कृष्णाकाठ, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

एक्स_वाला
इथे सगळे रिकर्व्हवाले दिसतात, एक कंपाउंडवाला, म्हणजे चाकांच्या धनुष्यवाला, हजर. चारभिंती, कंपाउंड घ्यायचा विचार आहे का? अदिती आणि ओजस दोघंही कंपाउंडचेच. आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच येते आहे.

चारभिंती
मुलं रोज विचारतात! यंदा क्लबला साहित्यासाठी थोडा निधी मिळायची शक्यता आहे. एक कंपाउंड घ्यावं का?

एक्स_वाला
मी स्वतः कंपाउंड मारतो तरी सांगतो, क्लबसाठी पहिलं घेऊ नका. कंपाउंडला चाकं असतात, पूर्ण ओढल्यावर ओढीचा बराचसा भार ती चाकं घेतात म्हणून शांत उभं राहता येतं. पण ओढीची लांबी प्रत्येकाच्या हाताप्रमाणे बसवावी लागते. माझं धनुष्य माझ्यापेक्षा चार इंच बुटक्या मित्राला जसंच्या तसं चालत नाही. दोरी बदलायची तर धनुष्य दाबून धरणारा प्रेस लागतो. म्हणजे एक कंपाउंड हे एकाच माणसाचं धनुष्य.

त्याच पैशात रिकर्व्हचे दोन रायझर (हातात धरायचा मधला भाग) आणि १६, १८, २२ पाउंडांच्या लिंबांच्या जोड्या घ्या. आज एकानं १६ लावले, उद्या दुसऱ्यानं २२. आणि बांबूची आणखी दोन-तीन. बांबूच्या धनुष्याची स्पर्धा म्हणजे इंडियन राउंड, ती ३० आणि ५० मीटरवर खेळतात, नेम धरायची साइट नाही, क्लिकर नाही, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर नाही. धनुष्य स्वस्त, आणि डोळा-हात तयार होतो तो वेगळाच.

ज्याला कंपाउंडची खरी ओढ आहे तो वर्षभरानं आपोआप त्या वाटेनं जाईल. साताऱ्यात ती वाट दाखवणारी माणसं आहेत.

कंदीपेढा
म्हणजे पेढ्याचंही तसंच. आधी एक खाऊन बघायचा, मग किलोभर घ्यायचा.

कृष्णाकाठ
सामानाचा विषय निघालाच आहे तर एक वही करा. फोनमध्ये नको, खरी वही, कपाटातच ठेवायची. प्रत्येक बाणावर क्लबचा नंबर. घेताना सही, ठेवताना सही. कार्बनचा बाण ठेवण्याआधी दोन्ही हातांत धरून, जरा वाकवून, गोल फिरवत कानाशी आणायचा. करकर आवाज आला किंवा बोटाला चीर लागली तर तो बाण त्याच दिवशी मोडून टाकायचा. तडकलेला बाण सुटताना फुटला तर थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. आणि ही वही कप्तानानं लिहायची नाही, नव्यांतल्या दोघांकडं द्यायची. ज्याच्याकडं वही तो गैरहजर राहत नाही.

गोडोलीची_आई
आणि जो दोन दिवस आला नाही त्याला फोन. हेही त्या वहीत लिहा.

रानवारा
शेवटचं लिहितो. कप्तानपद सोडा हे मी परत घेत नाही, पण त्यात दुरुस्ती करतो. डिसेंबरपर्यंत दोन उपकप्तान नेमा आणि किल्ली त्यांच्याकडे द्या. किल्ली तुमच्याकडे आहे तोवर पट्टी वाजली तरी तुम्ही दोरी सोडणार नाही.

चारभिंती
रानवारादादा, हे वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही. उद्या बोलते सगळ्यांशी.

(दीड महिन्यानंतर)

चारभिंती
धागा वर काढते आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, पण नुसतं "करते" असं लिहिण्यापेक्षा करून लिहावं असं वाटलं.

किल्ली दिली. दोघांना दिली, एक बी.एस्सी.ची मुलगी आणि एक बी.कॉम.चा मुलगा. पहिले चार दिवस मला घरी बसवेना, दोनदा फोन केला, कपाट लावलं का. पाचव्या दिवशी त्या मुलीनंच सांगितलं, "ताई, आता फोन करू नकोस, आम्ही लावतो."

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार क्लब, त्या दिवशी माझं धनुष्य पिशवीतच. बाकी चार दिवस पहाटे सहाला मी आणि एक जोडीदार. त्या वेळी अजिंक्यताऱ्यावर धुकं टेकलेलं असतं, वाराही जवळजवळ नसतो. पहिले आठ दिवस काही फरक पडला नाही. मग एका सकाळी सहा बाण मारून झाल्यावर लक्षात आलं की सहाही वेळा 'टक्' ऐकू आलंच नव्हतं, दोरी आपोआप सुटली होती. तेव्हा मी तिथे एकटीच रडले, जोडीदार बाण आणायला गेला होता. गेल्या रविवारी ५९१ झाले. ६०४ अजून लांब आहे.

ज्यांनी जुलैत नावं दिली होती त्या २७ जणांना मी आणि दोघा उपकप्तानांनी एकेक फोन केला. काहींनी उचलला नाही. एकीनं सांगितलं, बाबांना वाटतं हा मुलांचा खेळ आहे. तिच्या बाबांना शनिवारी मैदानावर बोलावलं, शिट्ट्या, रेषा, सगळं दाखवलं. शेवटी विचारलं, काका, ओढून बघता का? १६ पाउंडाचं दिलं, पाच पावलांवरून, कोऱ्या बोर्डावर. त्यांनी तीन बाण मारले, तिसरा सुटल्यावर काही न बोलता धनुष्य मुलीच्या हातात दिलं. ती आता सगळ्यात आधी येते. एकूण २३ जण येतात, त्यात मुली ९.

निधी थोडा मिळाला. त्यात एक रायझर, लिंबांच्या दोन जोड्या आणि दोन बांबूची बसली. कंपाउंड नाही घेतलं, मुलं थोडी रुसली.

खंडेनवमीला सगळी धनुष्यं कपाटातून काढून सतरंजीवर मांडली. रायझरला झेंडूची फुलं बांधली, बांबूच्या धनुष्यांना हळद-कुंकू. कृष्णाकाठदादांची आठवण काढून मी एका बाणाला जरा जास्तच हळद लावली. सर आले होते. कबड्डीच्या मैदानाची माती आणि आमचे बाण एकाच ताटात ठेवून नारळ फोडला. आणि ती वही पण पूजेत ठेवली होती.

एक अडचण उरली आहे. दुपारनंतर किल्ल्याच्या बाजूनं वारा वळून येतो, एका एंडमध्येच दिशा बदलतो. चाचणी दुपारी झाली तर?

एक्स_वाला
आठवड्यातून एक सराव मुद्दाम दुपारी ठेवा. बट्रेसच्या वर एक हलकी चिंधी बांधा, रेषेपाशी दुसरी. दोन्ही एका दिशेला उडत असतील तर वारा येतो त्या बाजूला थोडा नेम सरकवून मारा. वेगवेगळ्या दिशांना उडत असतील तर थांबा, वेळ शिल्लक असतोच. सहा बाणांना मिळतो तो वेळ घाईत संपवू नका.

माणदेशी_गुरुजी
वाऱ्यात ताणून धरू नको पोरी. जास्त वेळ धरलंस तर हात थरथरतो आणि दोष वाऱ्याला जातो. खाली उतरव, श्वास घे, परत उचल.

कंदीपेढा
बर्लिनच्या दिवशी राजवाड्यावर वाटले होते तसे पेढे डिसेंबरात वाटायची तयारी ठेवतो.

पहिलाबाण
चारभिंती, मी हा धागा पहिल्यापासून वाचतो आहे. जूनपासून नोकरीनिमित्त साताऱ्यातच आहे, पोवई नाक्याजवळ राहतो. शनिवारी बाहेरच्या माणसानं येऊन नुसतं बघितलं तर चालेल का?

चारभिंती
सरांना विचारलं, हो म्हणाले. शनिवारी साडेपाचला या. सैल बाहीचा शर्ट घालू नका, दोरी अडकते. बूट पूर्ण बंद हवेत. आणि नुसतं बघायला नाही, १८ पाउंडाचं एक बाजूला ठेवते तुमच्यासाठी. बाण मी आणीन.